वेळास : कासवांचे गाव कसे घडले?

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळच्या बाणकोट किल्ल्यापासून काही अंतरावर वेळास हे छोटे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव. नारळ-सुपारीच्या वाड्या, कौलारू घरे आणि रोजगारासाठी मुंबईला गेलेले चाकरमानी, अशी त्याची पुढची ओळख कोकणातल्या इतर गावांसारखीच होती.

गावाचे चित्र बदलले ते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. थंडीच्या दिवसांत मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून सुमारे १०० अंडी घालते आणि समुद्रात परतते. कायद्याने संरक्षण असूनही ही अंडी माणसे खाण्यासाठी व विक्रीसाठी काढून नेत. उरलेली कुत्री-कोल्हे फस्त करत.

२००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने संवर्धन सुरू केले. घरटी शोधून अंडी किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा वाळूत पुरली जातात. साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि त्यांना समुद्रात सोडले जाते.

पुढे हे पाहण्यासाठी 'कासव महोत्सव' सुरू झाला. पर्यटक गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, घरचे जेवण जेवतात. त्यामुळे उत्पन्न थेट घरात येते. पूर्वी अंडे विकले की एकदाच पैसे मिळत. आता त्यातून पिल्लू बाहेर येण्यातच गावाचा फायदा आहे. वेळासचे संवर्धन टिकले, त्यामागे हे साधे गणित आहे.