एक्सप्लेनर : कर मागावर की जमिनीवर? 'सर्वांना मूलभूत उत्पन्न' द्यायला पैसा कुठून येणार?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एकाच आकाराचे दोन भूखंड शेजारी-शेजारी आहेत, असे समजा. एकावर यंत्रमाग चालतात, टॉवेल विणले जातात, कामगारांना मजुरी मिळते. दुसऱ्यावर फक्त कुंपण आणि वेडी बाभूळ. वीज-पाणी आले, अक्कलकोट रस्ता चौपदरी झाला, शहर वाढले, तशी दोन्ही जागांची किंमत सारखीच वाढली. मग ही वाढ कुणाची? 'सर्वांना मूलभूत उत्पन्न' आणि 'जमीन मूल्य कर' या दोन कल्पना याच प्रश्नापाशी एकत्र येतात.

मूलभूत उत्पन्न म्हणजे काय?

प्रत्येक नागरिकाला, कोणतीही अट न घालता, ठरावीक रक्कम नियमितपणे देणे म्हणजे 'युनिव्हर्सल बेसिक इन्कम' अर्थात यूबीआय. केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात त्यावर स्वतंत्र प्रकरण होते. तत्कालीन मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांच्या त्या अहवालात व्यक्तीमागे वर्षाला ७,६२० रुपयांचा हिशेब मांडला होता.

'लाडकी बहीण' योजना म्हणजे यूबीआय का?

नाही. जुलै २०२४ पासूनच्या या योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पण केवळ महिलांना, तेही वय आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची अट पाळून. ऑर्डर थांबली की ज्याची मजुरी थांबते, तो यंत्रमाग कामगार त्यात बसत नाही.

खर्च किती येईल?

२०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या सुमारे ११.२४ कोटी. प्रत्येकाला महिन्याला १,००० रुपये द्यायचे म्हटले, तरी वर्षाला जवळपास १.३५ लाख कोटी रुपये लागतील.

जमीन मूल्य कर कसा असतो?

अमेरिकी विचारवंत हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्ये 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' या ग्रंथात तो मांडला. कर फक्त जागेच्या किमतीवर. त्यावरच्या शेडवर किंवा यंत्रांवर नाही. म्हणजे वरच्या दोन्ही भूखंडांना सारखाच कर. नवे माग बसवले म्हणून तो वाढणार नाही आणि जागा पडीक ठेवली म्हणून कमीही होणार नाही.

महाराष्ट्राने आधी काय केले?

१९७२ च्या दुष्काळानंतर विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेसाठी राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला. आजही पगारातून वर्षाला कमाल २,५०० रुपये त्यापोटी कापले जातात. म्हणजे हमीचा काही पैसा कमाईवरच्या करातून आला. त्या कामांतून पाझर तलाव आणि रस्ते झाले आणि आसपासच्या जमिनींचे मोल वाढले. 

एमआयडीसीत आज काय होते?

इथली जमीन साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. मालकी महामंडळाचीच राहते. मुदतीत बांधकाम न केल्यास मुदतवाढीचे शुल्क आणि भूखंड दुसऱ्याच्या नावे करताना हस्तांतरण शुल्क भरावे लागते. वाढलेल्या किमतीतला वाटा सार्वजनिक तिजोरीत यावा, हे तत्त्व त्यात आहेच. फरक इतकाच, की तो वाटा मुख्यतः व्यवहाराच्या वेळी येतो. जमीन मूल्य कर दरवर्षी भरावा लागेल.

अडचणी कोणत्या?

जागेची किंमत ठरवायला रेडी रेकनर आहे. पण त्यातले दर आणि बाजारभाव यांत अनेकदा तफावत असते. दुसरी अडचण रोख पैशांची. मोक्याच्या जागी जुने घर आहे, पण हातात उत्पन्न नाही, अशा वृद्धांनी कर कुठून भरायचा? त्यावर, जागा विकली जाईपर्यंत कर थकीत ठेवण्याची सवलत हा एक उपाय सुचवला जातो.

तिसरा प्रश्न भाड्याच्या शेडमध्ये माग चालवणाऱ्यांचा : मालक कर भाड्यात चढवणार नाही का? अर्थशास्त्र सांगते, जमिनीचा पुरवठा वाढत-घटत नसल्याने हा भार मालकावरच राहतो. उलट, करामुळे पडीक जागा बाजारात आल्या, तर भाडे उतरूही शकते.

मुख्य मुद्दा काय?

केवळ या करातून सगळा खर्च भागेल, असे गृहीत धरता येत नाही. पण हमी द्यायचीच ठरली, तर तिचा पहिला भार मागावर राबणाऱ्याच्या मजुरीवर टाकायचा की बाभळी वाढलेल्या भूखंडावर, हे ठरवावे लागेल. ५० वर्षांपूर्वी राज्याने मुख्यतः पहिला पर्याय निवडला होता.