संगणकातली चूल पेटेना!

खटका दाबला, ठिणगी उडाली, पण शेगडी पेटली नाही, तर गृहिणी काय करते? बटण बंद करते. मग गॅस येतो आहे ना, बर्नरची छिद्रे बुजली नाहीत ना, हे एकेक पाहते. भट्टी बांधण्यापूर्वी तिची ज्वाला संगणकात पेटवून पाहणाऱ्या इंजिनियरलाही नेमके हेच करावे लागते!

ही ज्वाला अर्थातच आकड्यांची. भट्टीच्या पोकळीचे लाखो चिमुकल्या घरांत तुकडे पाडायचे आणि प्रत्येक घरातील वायूचे तापमान, वेग व घटक यांचे गणित क्षणाक्षणाला मांडायचे. पण पुष्कळदा गणित सुरळीत सुटते, अन् वायू मात्र थंडच्या थंड बाहेर पडतो!

पहिला संशय मिश्रणावर. आपल्याकडे पाइपने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. साध्या हवेत तो 5 ते 15 टक्के असला तरच पेटतो. ठिणगीपाशी तो याहून कमी किंवा जास्त असेल, तर बिचाऱ्या ठिणगीचा काय दोष?

दुसरा संशय घरांवर. ठिणगीने तापलेला वायूचा गोळा 2 मिलिमीटरचा आणि गणितातले घर 1 सेंटिमीटरचे असेल, तर तिची ऊब सुमारे 240 पट जागेत पसरते. तांब्याभर कढत पाणी हौदात ओतावे, तशी गत! तेथे घरे बारीकच हवीत.

तिसरा संशय रसायनावर. 1999 सालच्या ‘जीआरआय-मेक 3.0’ या प्रसिद्ध कोष्टकात नैसर्गिक वायूच्या ज्वलनासाठी 53 घटक आणि 325 प्रक्रिया आहेत. प्रत्येक प्रक्रियेला ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. तो आकडा ज्यूलमध्ये लिहिला आणि संगणकाने कॅलरी समजून वाचला, तर उंबरठा चौपटीहून उंच होतो. मग ज्वाला कुठली पेटायला?

एवढे करूनही पेटली नाही, तर एक कोपरा 2000 अंशांपर्यंत तापवून देण्याची युक्ती आहे. ही झाली आगकाडी. तिला हरकत नाही. पण काडी काढून घेतल्यावर ज्वाला आपल्या बळावर टिकली पाहिजे. सारे तपासूनही ती विझली, तर कदाचित भट्टीचा आराखडाच चुकला असेल. वायूचा झोत ज्वालेला उडवून लावीत असेल. खऱ्या भट्टीत असे झाले, तर न जळलेला वायू साचतो आणि पुढची ठिणगी स्फोट घडवते.

म्हणून संगणकातली चूल पेटेना झाली की तिला बळेच पेटवू नये. ती काय सांगते आहे, ते आधी ऐकावे!