बांधावरची गुळवेल: आधी ओळख, मग विळा

एप्रिल-मेमध्ये घाटंजी-पांढरकवड्याकडे गेलात, तर कापूस निघून गेलेली काळी शेतं उघडी पडलेली असतात आणि बांधावरच्या कडूलिंबावरून दोरखंडासारखी एक वेल लोंबत असते. पानं जवळपास सगळी गळालेली. मेली म्हणून ओढून टाकण्याआधी अंगठ्याच्या नखानं तिची साल खरवडून पाहा. वरचा करडा, कागदासारखा पापुद्रा सुटून येतो आणि खाली ओलसर हिरवा रंग दिसतो. ही गुळवेल.

अमृता हे तिचं संस्कृत नाव उगाच पडलेलं नाही. तोडलेला तुकडा घरात कित्येक दिवस टवटवीत राहतो. बुंध्यात कापली, तरी झाडावर राहिलेला भाग वरून दोऱ्यासारखी मुळं सोडतो आणि ती जमिनीला टेकली की वेल पुन्हा उभी राहते. ती बांडगूळ नव्हे; कडूलिंबाचा तिला फक्त आधार, त्याचा रस ती शोषत नाही. लिंबावरची गुळवेल जास्त गुणाची, असं आपल्याकडे पूर्वापार मानतात; पण तिचा कडूपणा तिचा स्वतःचाच आहे.

विळ्यानं खोड आडवं कापलं की बैलगाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. पान बदामाच्या आकाराचं आणि गुळगुळीत. नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, म्हणून एखाद्या वेलीला वर्षानुवर्षं फळ धरत नसेल, तर ती बहुधा नर असते.

एवढं बारकाईनं सांगतोय, कारण तिची एक बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळींसारख्या ठसठशीत गाठी असतात, फुलाला तीन पाकळ्या आणि फळ लांबोळकं, नारिंगी. आपल्या गुळवेलीला सहा पाकळ्या आणि वाटाण्याएवढं गोल, लाल फळ. पण दळून भुकटी झाली की ना आऱ्या दिसतात, ना गाठी.

कोरोनाच्या काळात घरोघरी काढे उकळले गेले. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पतीची ओळख नीट पटवली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयानं घेतला. पुढे देशभरातल्या रुग्णालयांनी अशा 43 रुग्णांची माहिती मांडली. त्यामुळे चूक फक्त दुसऱ्या वेलीची, असं म्हणून मोकळं होता येत नाही. प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार ज्यांना आहे, यकृताची तक्रार आहे किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊच नये. इतरांनीही महिनोन्‌महिने रोज काढा पिणं मला चुकीचं वाटतं.

औषधासाठी खोड उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात काढावं, असं भारतीय आयुर्वेदिक औषधकोश सांगतो. अंगठ्याएवढं जाड झालेलं खोडच घ्यावं, बुंधा हातभर राखावा आणि मुळाला हात लावू नये. टिपेश्वरसारख्या अभयारण्यातून तर काहीच तोडू नये.

सत्त्व काढणं हे मात्र संयमाचं काम. ताजं खोड ठेचायचं, रात्रभर पाण्यात भिजवायचं, सकाळी चांगलं कुस्करून फडक्यातून गाळायचं आणि पाणी न हलवता ठेवून द्यायचं. तळाशी पांढरा थर बसतो. वरचं पाणी ओतून तो सुकवला की सत्त्व तयार. रसायनाच्या भाषेत हा मुख्यतः स्टार्च. पाण्यात विरघळणारा कडवट अंश बराचसा ओतलेल्या पाण्याबरोबर जातो, म्हणून सत्त्व फारसं कडू लागत नाही. टोपलीभर खोडातून मूठभरच निघतं. ते स्वस्तात मिळत असेल, तर त्यात दुसरा स्टार्च नाही ना, हे विकणाऱ्याला जरूर विचारा.

पहिला पाऊस पडला की ओळखीच्या वेलीचा दोन-तीन पेरांचा तुकडा आणा आणि बांधावरच्या लिंबाच्या बुडाशी तिरपा खोचा. पेराचा डोळा मात्र वर राहू द्या.