मळवलीची लक्ष्मी

पुदुक्कोट्टै मागे पडतं तशी माती लाल होत जाते. पुण्याहून निघून आज पाचवा दिवस. डिकी तंजावरातच निम्मी भरलीय, तरी आईचं एकच, “कारैकुडीला थांबायचं म्हणजे थांबायचं.”

मुनीश्वरन कोविल रस्त्यावर मी कडेला गाडी लावते. जुन्या सामानाची दुकानं ओळीनं आहेत. पितळी हंडे, कुलपं, घड्याळं पार रस्त्यापर्यंत आलीत. एका दारात पोरगा चिंचेच्या कोळानं समई घासतोय. आत शिरताच गारवा आणि जुन्या सागवानाचा वास.

आईला पितळ कळतं. एक गडू उचलून ती टिचकी मारते. नाद लांबवर घुमतो. दुसऱ्याचा आवाज बसका येतो. “याला चीर आहे,” म्हणत ती तो खाली ठेवते. दुकानदार अण्णा हसून मान डोलावतात. त्यांना मराठी येत नाही, पण टिचकी समजते.

मी एनॅमलच्या डब्यांपाशी बसते. एक फिकट हिरवा, कडेला टवका उडालेला. उलटा केला तर बुडाशी स्वीडनच्या कॉकम्स कारखान्याचा शिक्का! चेट्टिनाडचे, म्हणजे या कारैकुडीकडचे, नगरत्तार सावकार ब्रह्मदेशात, मलायात, सिलोनात पेढ्या चालवायचे आणि मिळकत इकडे वाड्यांत ओतायचे. लेकीच्या लग्नात भांड्यांच्या राशी द्यायचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातला पैसा बुडाला. मागे उरले अवाढव्य वाडे आणि पिढीगणिक वाढणारे वारस. वाटण्या झाल्या की सामान या रस्त्यावर येतं.

मागच्या खोलीत अख्खे खांब आडवे पडलेत. ब्रह्मी सागाची एक चौकटही आहे. तिच्या उंबऱ्यावर मधोमध पाय पडून पडून खळगा झालाय. अण्णा किंमत सांगू लागतात, मी हातानंच नको म्हणते. डबा घराबाहेर पडला तरी घर उभं राहतं. चौकट निघाली की घर गेलंच. असं काही मी विकत घेत नाही, कितीही देखणं असलं तरी.

तेवढ्यात आई हाक मारते. “अगं, इकडे ये. चष्मा दे माझा.”

भिंतीला टेकून काचेच्या चौकटीत लक्ष्मी उभी आहे. राजा रविवर्म्याची. छापील चित्रावर कुणीतरी साडी नेसवलीय: खऱ्या कापडाची, जरीच्या काठाची, वर बारीक टिकल्या शिवलेल्या. चेहरा, हात आणि कमळं तेवढी छापाची. चेट्टिनाडमधल्या बायका अशी चित्रं सजवायच्या. एक कोपरा कसरीनं खाल्लाय. पण आईचं बोट खालच्या समासावर आहे. बारीक रोमन अक्षरांत छापलंय: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

आईचं माहेर लोणावळ्याचं. कार्ल्याजवळचं मळवली स्टेशन तिथून पुढचंच. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला रविवर्म्यांचा छापखाना काही वर्षांत मळवलीला हलला. शिळाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड, म्हणजे हा एक चेहरा उतरायला कागद कितीदा दगडावर बसला असेल! १९७२ च्या आगीत तो छापखाना जळाला. आईनं ती जागा आगगाडीतून दुरूनच पाहिलेली.

“इतक्या लांब आली गं ही,” आई हळूच म्हणते.

अण्णा कॅल्क्युलेटरवर आठ हजार दाबून दाखवतात. आई पाच दाबते. कॅल्क्युलेटर चार वेळा इकडून तिकडे जातो आणि साडेसहावर थांबतो. डबा त्यातच.

चित्र उचलताना चौकटीच्या फटीतून एक टिकली निसटते. मला दिसतही नाही. आई गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकते, ओल्या बोटानं ती टिपते, टोलनाक्याच्या पावतीत तिची पुडी बांधते. पुडी पर्सच्या आतल्या कप्प्यात जाते, जिथं तिचं मंगळसूत्र असतं प्रवासात.

“घरी गेल्यावर शिवते,” म्हणते, “बारीक सुई लागेल.”