रामचंद्रन आणि गिंडीचा भौतिकशास्त्र विभाग

• चेन्नईतल्या गिंडी इथे मद्रास विद्यापीठाचा विभाग. १९५२ पासून प्रमुख जी. एन. रामचंद्रन (१९२२–२००१), तेव्हा वय जेमतेम तिशीचे.

• कोलॅजेन : त्वचा, हाडे, कंडरा यांतले प्रथिन. नमुना मिळाला शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून, आणि तो होता चक्क कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचा! क्ष-किरण छायाचित्रांवरून १९५४ मध्ये गोपीनाथ कर्ता यांच्यासह तिपेडी रचना ‘नेचर’मध्ये मांडली. १९५५ मध्ये सुधारणा : तिन्ही साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात.

• रामचंद्रन आलेख (१९६३) : सहलेखक सी. रामकृष्णन, व्ही. शशिशेखरन. अणू एकमेकांवर न आदळता प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते, ते दाखवतो. नव्या प्रथिनरचना आजही याच आलेखावर तपासतात.

• फरक : तिपेडी रचना कोलॅजेनची, आलेख सर्व प्रथिनांसाठी.