रविवारी सगळं शिजवून ठेवू नका

आठवड्याच्या जेवणाचा बेत म्हणजे रविवारी सात दिवसांचं शिजवून एकसारखे डबे फ्रीजमध्ये रचायचे, अशी समजूत मोबाईलवरच्या व्हिडिओंनी पक्की केली आहे. दिसायला ते छानच दिसतं. पण शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच भरवशाचं असतं. रविवारची भाजी शुक्रवारी डब्यात द्यायची नसते. शिवाय पाच दिवसांची भेंडी खाणार कोण?

आपल्या स्वयंपाकाला मानवते ती अर्धी तयारी. कांदा-खोबऱ्याचं वाटण लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये, दाण्याचं कूट बरणीत, लसूण सोललेला, मेथी निवडून कोरड्या फडक्यात. मटकी शनिवारी रात्री भिजत घालून रविवारी सकाळी उपसून बांधली, की सोमवारच्या उसळीला मोड तयार. कच्चे मोड पौष्टिक म्हणून मूठमूठ खाणाऱ्यांनी मात्र जपावं: ज्या ओलीत आणि उबेत मोड येतात, तिथेच साल्मोनेलासारखे जंतूही वाढतात. गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना ते शिजवूनच द्यावेत.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज भाताचा. रात्री भात पातेल्यात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी खमंग फोडणी दिली की जंतू मेले, असं आपण धरून चालतो. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते भात शिजताना मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढीला लागतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष परतल्याने किंवा उकळल्याने जात नाही. फोडणीच्या भाताचा यात काही दोष नाही, दोष त्या ओट्यावरच्या रात्रीचा. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. आपल्या उन्हाळ्यात, पारा ३२ अंशांवर असताना, तासाभरातच.

‘गरम ठेवलं तर फ्रीज बिघडेल’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. वाफाळतं अख्खं पातेलं आत सरकवू नका, हे खरं. पण पसरट ताटलीत किंवा दोन-तीन उथळ डब्यांत काढलं की वाफ लवकर जाते, मग कोमट अन्न ठेवायला काहीच हरकत नाही.

फ्रीझरमधले मटार निकस, हेही तितकंसं खरं नाही. ते तोडणीनंतर लवकर, थोडी वाफ देऊन गोठवतात, त्यामुळे त्यांतलं ‘क’ जीवनसत्त्व बरंचसं टिकतं. बाजारातून आणून तीन दिवस टोपलीत पडलेल्या पालकाचं टिकत नाही. गोठवलेले तळणीचे पॅटिस या हिशेबात धरू नयेत. त्यांतलं मीठ आणि तेल वेगळं मोजावं लागतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याने मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमीच मीठ पुरे.

बेत ठरला की घरच्यांची हौस मेली, असंही म्हणतात. सोमवारचा उपवास, संकष्टी, श्रावण हे सांभाळणाऱ्या घराला वारांचा बेत काही नवा नाही. कागदावर सातही रकाने भरायची गरज नसते, फक्त क्रम लागतो. आधी मेथी-पालक, मग फ्लॉवर-दोडका, त्यानंतर दुधी आणि लाल भोपळा, शेवटी डब्यातली चवळी नाहीतर वाल. एक रात्र मोकळी ठेवावी. पाहुणे किंवा उरलंसुरलं, यांपैकी काहीतरी येतंच.