उभी काठी, आडव्या तारा

हॅम रेडिओचा छंद असलेला माणूस डोंगरावर निघाला की त्याच्या पिशवीत बहुधा एक घडीचा व्हिप, म्हणजे काठीसारखा उभा अँटेना, असतो. १४ मेगाहर्ट्झच्या बँडवर पाव तरंगलांबी साधारण पाच मीटर भरते, तेवढी ती काठी उघडते. झाड नको, दोन टोकांना आधार नको. बुंधा रोवला, केबल जोडली की अँटेना उभा. पण हा अर्धाच अँटेना झाला. उरलेला अर्धा जमिनीवर पसरायचा असतो, आणि घाईत काटकसर होते ती नेमकी तिथेच.

काठीत जितका प्रवाह चढतो, तितकाच जमिनीच्या बाजूनेही वाहावा लागतो. मातीतून वाहताना त्यातली शक्ती उष्णता होऊन वाया जाते. म्हणून बुंध्याभोवती रेडियल, म्हणजे साध्या तारा, पसरतात. आरसीए या अमेरिकी रेडिओ कंपनीच्या ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन यांनी १९३७ साली शंभराहून अधिक तारा पुरून मोजमापं घेतली. प्रसारण केंद्रांच्या भू-तारांचा पाया तिथे घातला गेला. डोंगरावर एवढ्या तारा कोण नेणार? पण सर्वांत मोठा फायदा पहिल्या काही तारांनीच होतो.

इथे एसडब्ल्यूआरचा, म्हणजे केबल आणि अँटेना यांचा मेळ दाखवणारा, काटा फसवतो, आणि नवख्यांना हे कुणी आवर्जून सांगत नाही. आदर्श जमिनीवर पाव तरंगाच्या काठीचा रोध सुमारे ३६ ओहम असतो, केबलचा ५०. जमिनीने १४ ओहमचा तोटा घातला की बेरीज बरोबर ५० होते, काटा खूश, आणि पाच वॉट पाठवले तर त्यातला जवळपास दीड वॉट मातीत. तारा वाढवल्यावर एसडब्ल्यूआर किंचित बिघडला, तर बहुतेक वेळा ती चांगली बातमी असते.

तीच पाच मीटरची काठी बुंध्याशी कॉइल लावून ७ मेगाहर्ट्झवर चालवली तर हिशेब आणखी कडक होतो. तिचा प्रारण-रोध, म्हणजे रोधाचा प्रत्यक्ष तरंग पाठवणारा भाग, सहा-सात ओहमांवर येतो. तेच १४ ओहम आता निम्म्याहून अधिक शक्ती खातात, कॉइलचा तोटा वेगळाच. कॉइल काठीच्या मध्यावर नेली तर थोडी सुधारणा होते. तरीही पिशवीत जागा उरली असेल, तर मी आधी तार भरेन.

समुद्रकाठी मात्र हाच अँटेना कमाल करतो. खारं पाणी सामान्य मातीपेक्षा शेकडो पटींनी चांगलं वाहक असतं, त्यामुळे क्षितिजालगत जाणारे, दूर देशी पोहोचणारे तरंग विझत नाहीत. १९९०च्या दशकात 'टीम व्हर्टिकल' या हॅम गटाने जमैकाच्या किनाऱ्यावर उभे अँटेना लावून स्पर्धा गाजवल्या, त्या याच बळावर. कोकणातल्या पुळणीवरही अँटेना कोरड्या वाळूत मागे न ठेवता पाण्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यावा.

आणि पुण्याहून दिवसा नागपूरशीच बोलायचं असेल, तर काठी घरी राहू दे. त्या अंतराला तरंग बऱ्यापैकी वर जाऊन आयनांबरातून परतावे लागतात. ७ मेगाहर्ट्झवर कमी उंचीवर ताणलेला आडवा डायपोल, म्हणजे मध्यावर केबल जोडलेली तार, ते काम अधिक चोख करतो.